कार्बाइनची नळी अधांतरी ठेवणारी रेल : फायदा नेमका कोठे होतो?

पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकी विशेष दलांच्या एम४ए१ कार्बाइनवर, म्हणजे आखूड नळीच्या रायफलीवर, पूर्वी नाइट्स आर्मामेंट या कंपनीची रेल, म्हणजे उपकरणे लावण्यासाठी खाचा असलेले नळीभोवतीचे आवरण, असे. पुढे तिच्या जागी नळीला कोठेही न टेकणारी, म्हणजे ‘फ्री-फ्लोट’ प्रकारची रेल आली. कार्बाइनचा वापर बहुधा दोन-तीनशे मीटरच्या आत होत असताना स्पर्धेच्या रायफलीला शोभणारी ही सोय सैनिकाला कशासाठी हवी? आणि फायदा खरा असेल, तर अमेरिकी पायदळाने तीच रेल सरसकट का घेतली नाही?

मी मूळचा सांगलीचा असून गेली एकोणीस वर्षे अमेरिकेत शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायात आहे. माझ्या बाकावर येणारी बहुतेक कामे पोलिसांच्या गस्ती कार्बाइनांची आणि खाजगी ग्राहकांच्या एआर पद्धतीच्या रायफलींची असतात. त्यांची नळी, रिसीव्हर (नळी ज्यात बसते तो शस्त्राचा मुख्य सांगाडा) आणि हँडगार्ड (पुढच्या हाताने धरण्याचे नळीभोवतीचे आवरण) यांची जोडणी सैन्याच्या एम४सारखीच असल्याने पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे आणि आधी तेच बाजूला ठेवावे लागेल. फ्री-फ्लोट म्हणजे अधिक अचूकता आणि अचूकता म्हणजे कागदावरचा लहान ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा लहान पुंजका, असे तुम्ही धरून चालला आहात. सैनिकी कार्बाइनच्या बाबतीत ग्रुपचा आकार हा दुय्यम मुद्दा आहे. मुख्य प्रश्न असा की सैनिकाने शस्त्र वाळूच्या पोत्यावर टेकवले, पट्टा ताणून धरला, भिंतीच्या कडेला दाबले किंवा नुसते हातात धरले, तर या चारही वेळा गोळी त्याच ठिकाणी लागते का? ग्रुप लहान असूनही तो दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल, तर त्या लहानपणाचा सैनिकाला काही उपयोग नाही.

जुन्या एम४ची रचना डोळ्यांसमोर आणा. प्लॅस्टिकच्या हँडगार्डचे दोन अर्धे भाग असतात. मागच्या बाजूला ते बॅरल नटभोवतीच्या (हा नट नळीला रिसीव्हरशी आवळतो) स्प्रिंग लावलेल्या कड्यात, म्हणजे डेल्टा रिंगमध्ये, अडकतात आणि पुढच्या बाजूला एका पत्र्याच्या टोपीत बसतात. ही टोपी समोरच्या साइटच्या (नेम धरण्याच्या साधनाच्या) बैठकीमागे अडकलेली असते आणि ती बैठक पिना ठोकून थेट नळीवर बसवलेली असते. त्यामुळे हँडगार्डवर टाकलेला भार पुढच्या टोकाकडून सरळ नळीवर जातो. पट्ट्याची पुढची कडीही त्या बैठकीलाच असते, म्हणजे पट्टा ताणला की नळीच ओढली जाते.

हा परिणाम किती होतो याचा हिशेब तुम्हाला सहज करता येईल. नळीचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटर धरा, आतले छिद्र ५.७ मिलिमीटर, आणि रिसीव्हरपासून १९ सेंटीमीटरवर ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलोचा भार. एका टोकाला घट्ट धरलेल्या कॅन्टिलिव्हरचे सूत्र लावले, तर भाराच्या ठिकाणी नळी ०.१८ मिलिमीटरच्या आसपास खाली येते. हे डोळ्याला दिसणारही नाही. मात्र त्याच ठिकाणी नळीचा उतार सुमारे १.४ मिलिरेडियन होतो आणि १०० मीटरवर त्याचे १४ सेंटीमीटर होतात. ३०० मीटरवर हाच फरक ४० सेंटीमीटरच्या पुढे जातो. खऱ्या नळीची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. परंतु ग्राहकाला पटवून देण्यासाठी मी अनेकदा मैदानावर पट्टा सैल ठेवून एक ग्रुप आणि पट्टा ताणून दुसरा ग्रुप मारून दाखवतो, तेव्हा दोन ग्रुपांमध्ये चार-पाच बोटांचे अंतर सहज दिसते.

येथे एक गोष्ट सांगायला हवी, जी या विषयावरच्या चर्चेत सहसा येत नाही. जुन्या लोखंडी साइटची पुढची काडी नळीवरच असते. नळी खाली वाकली की काडीही खाली जाते आणि नेमबाज नकळत शस्त्र थोडे वर उचलून ती पुन्हा जागेवर आणतो. वरच्याच आकड्यांनी आणि एम४च्या साडेचौदा इंचांच्या साइट-अंतराने हिशेब केला, तर ही आपोआप होणारी भरपाई चुकीच्या साधारण एक-तृतीयांश भरते. रिसीव्हरवर रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट) किंवा दुर्बीण बसवली की ही भरपाई संपते. दुर्बिणीला नळी वाकल्याचा पत्ताच नसतो आणि पूर्ण चूक लक्ष्यावर उमटते. म्हणून माझे मत असे आहे की फ्री-फ्लोट हँडगार्डची गरज सैन्याला खऱ्या अर्थाने जाणवली ती साइट नळीवरून उठून रिसीव्हरवर गेल्यानंतर. त्यापूर्वीही दोष होताच, पण त्यातला काही भाग झाकला जात होता.

आता इतिहासाकडे वळतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. अमेरिकी विशेष दलांसाठी कार्बाइनला जोडायच्या उपकरणांचा जो संच तयार झाला, तो सॉपमॉड या नावाने ओळखला जातो आणि त्याचे तांत्रिक काम इंडियाना राज्यातील क्रेन येथील नौदलाच्या केंद्राकडे होते. पहिल्या टप्प्यातील नाइट्सची रेल, म्हणजे आरआयएस, आणि पुढे सर्वसाधारण सैन्याकडे गेलेली तिची सुधारित बहीण आरएएस, या दोन्ही डेल्टा रिंग आणि पुढची टोपी यांच्यामध्येच बसत. त्यांनी टॉर्च, लेझर आणि पुढची मूठ लावण्यासाठी चारही बाजूंना खाचांची रेल दिली. फेब्रुवारी १९९५ मध्ये मिल-स्टँडर्ड-१९१३ या क्रमांकाने प्रमाणित झालेली, पिकॅटिनी म्हणून प्रसिद्ध असलेली ती हीच रेल. खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर, असे तिचे माप ठरलेले आहे. भार नळीवर जाण्याचा जुना मार्ग मात्र या रेलमुळे बंद झाला नाही. उलट मूठ, लेझर आणि टॉर्च यांचे वजन त्या मार्गावर वाढले.

हे दुखणे आणखी एका कारणाने वाढले. रात्रीच्या कामात सैनिक सहसा दुर्बिणीतून नेम धरत नाही. त्याच्या डोळ्यांवर रात्रदर्शक चष्मा असतो आणि नेम धरला जातो तो रेलवर बसवलेल्या अवरक्त लेझरने. हे लेझर उपकरण साधारण १२ सेंटीमीटर लांब आहे असे धरा. त्याचे एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत ०.१ मिलिमीटरने, म्हणजे कागदाच्या जाडीइतके, उचलले गेले, तर १०० मीटरवर किरण ८ सेंटीमीटरने सरकतो. आता हे उपकरण स्प्रिंगच्या कड्यात आणि पत्र्याच्या टोपीत अडकलेल्या रेलवर बसवले आहे, अशी कल्पना करा. झीरो, म्हणजे नेम आणि गोळी लागण्याची जागा यांचा एकदा जुळवलेला मेळ, का टिकत नाही, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

सॉपमॉडच्या दुसऱ्या टप्प्यासाठी २००५ मध्ये जॉर्जिया राज्यातील डॅनियल डिफेन्स या कंपनीच्या आरआयएस-२ रेलची निवड झाली. ही रेल बॅरल नटवर बोल्टांनी आवळली जाते आणि त्यापुढे नळीला कोठेही स्पर्श करत नाही. एम४ए१साठीची तिची लांबी सव्वाबारा इंच आहे. तिचा खालचा भाग सुटा होतो आणि समोरच्या साइटची बैठक कायम ठेवता येईल असा तिचा एक प्रकारही तयार झाला, कारण एम२०३ हा ग्रेनेड लाँचर थेट नळीला धरून बसतो आणि त्यासाठी खालची जागा मोकळी लागते. पुढे २०१८च्या सुमारास अमेरिकी विशेष दलांनी वरचा सगळा भागच बदलायला घेतला. त्यात गायझलीची साडेतेरा इंची एमके१६ रेल आली आणि चारही बाजूंच्या अखंड पिकॅटिनी दातांऐवजी एम-लॉक पद्धतीच्या लांबट खाचा आल्या.

माझ्या व्यवसायात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा यापुढे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. नळी अधांतरी केली म्हणजे चूक नाहीशी होत नाही. ती नळीतून निघते आणि रेलच्या मुळाशी, बॅरल नटवरच्या जोडावर, जाऊन बसते. पूर्वी भार घेऊन नळी वाकत होती, आता तोच भार घेऊन रेल वाकते. दुर्बीण रिसीव्हरवर असेल, तर रेल वाकल्याने तिला काहीही फरक पडत नाही आणि हा निखळ फायदा आहे. लेझर मात्र रेलवरच असतो; रेल वाकली की लेझर वाकतो आणि नळी सरळ राहते. म्हणजे रेल पुरेशी ताठ नसेल, तर दिवसा अचूक असलेली कार्बाइन रात्री चुकते.

ताठपणा कशातून येतो? तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून हे मुद्दाम विचारतो. अनेकांना वाटते की ६०६१ ऐवजी ७०७५ हे अधिक बळकट ॲल्युमिनियम वापरले की रेल ताठ होईल. ७०७५ जवळजवळ दुप्पट ताण सोसते, हे खरे आहे. परंतु दोन्हींचा लवचिकता गुणांक सत्तर गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे जवळपास सारखाच आहे. बळकट मिश्रधातू रेलला कायमचे वाकण्यापासून किंवा तुटण्यापासून वाचवतो, पण भार असताना ती किती झुकते यात त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो व्यासाने आणि भिंतीच्या जाडीने. ४० मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची नळकांडी वरच्या हिशेबातल्या पोलादी नळीपेक्षा सुमारे साडेपाच पट ताठ असते. प्रत्यक्षात वजन वाचवण्यासाठी तिला खाचा आणि भोके पाडली जातात, आणि प्रत्येक भोकाबरोबर त्या साडेपाचातले थोडे कमी होते.

लांबीचा परिणाम तर आणखी मोठा आहे. टोकाचे झुकणे लांबीच्या घनाने आणि टोकाचा उतार लांबीच्या वर्गाने वाढतो. साडेनऊ इंची रेलऐवजी तशाच छेदाची साडेतेरा इंची रेल घेतली आणि दोन्ही टोकाशी सारख्याच जोराने धरल्या, तर उतार दुप्पट होतो. लांब रेलवर हात पुढे ठेवता येतो आणि शस्त्रावर ताबा चांगला राहतो, म्हणून सैनिकांना ती आवडते आणि त्यात काही चूक नाही. मात्र लेझर अगदी टोकाला बसवून टोकाशीच घट्ट आवळून धरण्याची सवय असेल, तर झीरोही त्याच पकडीने करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. बाकावर पोत्यावर ठेवून केलेला लेझरचा झीरो हातात धरल्यावर तसाच राहील, हे गृहीत धरू नये.

जोडाविषयी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पोलीस दलाच्या आठ कार्बाइनांवर मी नव्या फ्री-फ्लोट रेल बसवल्या. त्यातल्या दोन कार्बाइनांचा लेझर तीन महिन्यांत डावीकडे सरकल्याची तक्रार आली. मी आधी लेझर तपासले, मग त्यांचे माउंट तपासले, आणि त्यात दोन दिवस गेले. शेवटी रेल उतरवली तेव्हा बॅरल नटच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर दिसला. बसवण्यापूर्वी ती जागा मी सॉल्व्हंटने पुरेशी पुसलेली नव्हती. बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर आवळले होते, पण आवळपकडीच्या रेलला टॉर्कने मिळते ती दाबण्याची शक्ती. घसरणे थांबवते ते घर्षण, आणि ते तेलाने खाल्ले होते. रेल एक अंशाहूनही कमी फिरली होती. तेव्हापासून मी नट आणि रेलची आतली बाजू पुसून कोरडी केल्याशिवाय पुढे जात नाही आणि जोडणीनंतर रेल व रिसीव्हर यांच्यावरून जाणारी एक बारीक रंगाची रेघ ओढून ठेवतो, म्हणजे पुढच्या तपासणीत फिरणे लगेच दिसते.

हे फिरणे रोखण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे मार्ग काढले आहेत. काही रेलना मागे दोन कान असतात, ते रिसीव्हरला दोन्ही बाजूंनी धरतात. एचके४१६ या रायफलीत हँडगार्ड मागे सरकवून एकाच आडव्या बोल्टने धरला जातो, त्यामुळे तो साफसफाईसाठी सैनिकालाही सहज काढता येतो. सर्वांत मुळाशी जाणारा उपाय म्हणजे जोडच काढून टाकणे. लुईस मशीन अँड टूल या कंपनीच्या रायफलींत वरचा रिसीव्हर आणि रेल एकाच अखंड तुकड्यातून केलेले असतात आणि न्यूझीलंडच्या सैन्याने २०१५ मध्ये त्या पद्धतीची रायफल निवडली. कोल्ट कॅनडानेही सी८ कार्बाइनसाठी अशी एकसंध रचना केली. लेझरच्या दृष्टीने मला ही रचना सर्वांत प्रामाणिक वाटते. तिची किंमत अशी की रेलला मोठा मार बसून ती वाकली, तर केवळ रेल नव्हे, पूर्ण रिसीव्हरच बदलावा लागतो.

रेलवर उपकरण कसे धरले जाते, हाही साखळीतला एक दुवा आहे. एम-लॉक आणि कीमॉड या दोन पद्धतींची तुलना क्रेन येथील केंद्राने केली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपकरण काढून पुन्हा बसवल्यावर नेम किती सरकतो, याची सरासरी एम-लॉकसाठी १.३ एमओए आणि कीमॉडसाठी ४.९ एमओए आली. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर जवळजवळ २.९ सेंटीमीटर, म्हणजे पहिल्याचे पावणेचार सेंटीमीटर होतात आणि दुसऱ्याचे चौदा. विशेष दलांनी यानंतर एम-लॉककडे वळणे स्वाभाविक होते. भारतीय सैन्याने २०१९ मध्ये मागवलेल्या ७२,४०० सिग-७१६ रायफलींवरही एम-लॉकच्या खाचांचा फ्री-फ्लोट हँडगार्ड आहे. ती कार्बाइन नसली, तरी पुण्यात राहून छायाचित्रांत का होईना, ही रचना तुम्हाला जवळून न्याहाळता येईल.

आतापर्यंतचे थोडक्यात असे : दुर्बिणीसाठी फ्री-फ्लोटचा फायदा निःसंशय आहे. लेझरसाठी तो रेलचा ताठपणा आणि तिचा मुळाशी असलेला जोड यांवर अवलंबून आहे. ग्रुपच्या आकारात थोडी सुधारणा होते, पण ती सैनिकी दारूगोळ्याच्या स्वतःच्या फैलावात बरीचशी विरघळून जाते.

मग पायदळाने ती सरसकट का घेतली नाही? माझ्या मते त्यामागचे कारण देखभालीचे आहे आणि ते क्षुल्लक नाही. आरएएस बसवायला डेल्टा रिंग मागे ओढली, जुना प्लॅस्टिकचा हँडगार्ड काढला आणि रेल लावली, एवढेच काम असते. ते तुकडीतच होते. फ्री-फ्लोट रेलसाठी सहसा गॅस ट्यूब (गोळीमागचा वायू रिसीव्हरकडे नेणारी बारीक नळी) काढावी लागते, पुढची बैठक उतरवावी लागते, बॅरल नट सोडवून नवा नट ३० ते ८० फूट-पाउंडांच्या टॉर्कमध्ये आवळावा लागतो, आणि तोही गॅस ट्यूबच्या छिद्राशी जुळेल अशा स्थितीत. एका कार्बाइनसाठी हे माझे तासा-दीड तासाचे काम आहे. लाखो कार्बाइनांसाठी हेच काम प्रशिक्षित आर्मरर, बाकावरचे व्हाइस, टॉर्क रेंच आणि प्रत्येक शस्त्राचा नवा झीरो यांची मागणी करते. शिवाय लांब रेलखाली लपलेला गॅस ब्लॉक, म्हणजे तो वायू गॅस ट्यूबमध्ये वळवणारा ठोकळा, सैनिकाला दिसत नाही आणि तो सैल झाला, तर शस्त्र अडकू लागेपर्यंत कळत नाही. पुढच्या बैठकीवरचा संगिनीचा खुंटाही लांब रेलमध्ये जातो. ज्या सैन्याला संगीन आणि नळीवरचा ग्रेनेड लाँचर हवा आहे आणि ज्याच्या बहुतेक सैनिकांकडे लेझर नाही, त्याने जुनी रेल ठेवणे हा मला अज्ञानाचा नव्हे, हिशेबाचा निर्णय वाटतो.

म्हणून कोणती रेल चांगली, असा प्रश्न मला कोणी विचारला की मी उलट तीन गोष्टी विचारतो : नेम रिसीव्हरवरच्या दुर्बिणीने धरणार की रेलवरच्या लेझरने, नळीला धरून काही टांगायचे आहे का, आणि रेल उतरवून पुन्हा बसवू शकेल असा माणूस किती अंतरावर आहे. गस्तीच्या गाडीत ठेवलेल्या, रेड डॉट आणि टॉर्च एवढेच लावलेल्या कार्बाइनला मी नऊ ते दहा इंचांची साधी, पण जाड भिंतीची फ्री-फ्लोट रेल सुचवतो. रात्री लेझर वापरणाऱ्या पथकाला लांब रेल देतो, पण लेझर रिसीव्हरच्या जितका जवळ सरकवता येईल तितका मागे बसवतो, वजन थोडे वाढले तरी नटला सर्वांत लांब पकड देणारी रेल निवडतो, आणि पहिल्या पाचशे फैरींनंतर कार्बाइन परत बाकावर आणून बोल्ट आणि ती रंगाची रेघ तपासतो. तुम्हाला प्रकल्पासाठी काही करून पाहायचे असेल, तर शस्त्राची गरजच नाही. ॲल्युमिनियमची चौदा इंची नळकांडी एका टोकाला क्लॅम्पमध्ये धरा, टोकाला पाच किलोचे वजन टांगा आणि त्यावर साधा लेझर पॉइंटर बसवून समोरच्या भिंतीवरचा ठिपका किती सरकतो ते मोजा. नंतर क्लॅम्पची पकड २० मिलिमीटरऐवजी ४० मिलिमीटर करा, पकडीपुढची लांबी तेवढीच ठेवा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांची सूत्राच्या उत्तराशी तुलना केली, की झुकण्यातला किती भाग नळकांडीचा आणि किती जोडाचा, ते तुमच्यासमोर वेगळे होऊन येईल.